ग्रेट लेक्सचं चढलेलं पाणी, ढासळणारे किनारे आणि क्लायमेट चेंजचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९-२० मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ग्रेट लेक्सचं पाणी चढलं तेव्हा हे प्रश्न रोज यायचे, मग पाणी उतरलं आणि प्रश्नही थांबले. आता परत सुरू झालेत, फक्त विचारणारे बदललेत. तेव्हा विचारायचे ते ज्यांचं अंगण वाहून चाललं होतं, आता विचारतात ते लेकवर कॉटेज घ्यायला निघालेले लोक. शिकागो, डेट्रॉइट, मिलवॉकी, टोरंटो सगळीकडून आपली मंडळी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे किचकट. एका उत्तरातलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तो बघा.

१. नक्की कुठल्या तळ्यांबद्दल बोलताय? पाचही सारखीच चढली का?

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टारियो. पाणी साधारण याच क्रमाने वाहतं, सगळ्यात वर सुपीरियर, शेवटी ऑन्टारियो आणि तिथून सेंट लॉरेन्स नदीने समुद्रात. मिशिगन आणि ह्युरॉन नकाशावर दोन असली तरी मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत इतकी मोकळी जोडलेली आहेत की पाण्याच्या हिशोबाने ते एकच तळं, त्यामुळे लेव्हल सांगताना 'मिशिगन-ह्युरॉन' असा एकच आकडा देतात. चढली सगळीच, पण एकाच वेळी नाही. इरी आणि ऑन्टारियोचा आजवरचा उच्चांक जून २०१९ चा. मिशिगन-ह्युरॉनचा मात्र अजूनही ऑक्टोबर १९८६ चाच आहे, ५८२.३५ फूट. २०२० मध्ये जानेवारी ते ऑगस्ट अशा सलग आठ महिन्यांचे आपापले उच्चांक मोडले, पण १९८६ चा तो एक आकडा इंच-दोन इंचांनी वाचला.

२. ५८२ फूट म्हणजे तळं ५८२ फूट खोल?

नाही, हा गोंधळ खूप जणांचा होतो. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. क्यूबेकमधल्या रिमूस्की गावाजवळ शून्य धरलेलं आहे आणि तिथून मोजतात. आणखी एक गोष्ट, जमीनसुद्धा हलतेय. हिमयुगातल्या बर्फाच्या वजनाने दबलेली उत्तरेकडची जमीन अजून हळूहळू वर येतेय आणि त्यामानाने दक्षिणेचा काठ खाली जातोय, म्हणून दर काही दशकांनी हे सगळं माप नव्याने बसवावं लागतं. सध्याचं माप १९८५ चं आहे, पुढचं २०२० च्या नावाने तयार होतंय. ते लागू झालं की आकडे बदलतील, पाणी तिथेच असेल, तेव्हा उगाच घाबरू नका.

३. समुद्र वाढतोय, ग्लेशियर वितळतायत, म्हणूनच लेक वाढले ना?

नाही. सुपीरियर समुद्रापासून जवळपास ६०० फूट वर आहे आणि मध्ये नायगारा धबधबा आहे, समुद्राचं पाणी तो चढून येत नाही. इथे ग्लेशियरही नाहीत. क्लायमेटचा संबंध आहे, पण या रस्त्याने नाही (प्रश्न ८ ते १० बघा). ही चूक करून वाद घालायला गेलात तर समोरचा पहिल्याच वाक्यात तुम्हाला गुंडाळेल, आणि त्याचं बरोबर असेल.

४. मग पाणी खाली-वर होतं ते कशामुळे?

हिशोब तीनच गोष्टींचा. तळ्यावर पडणारा पाऊस-बर्फ, आजूबाजूच्या जमिनीवरून वाहून येणारं पाणी, आणि वाफ होऊन उडून जाणारं पाणी. पहिल्या दोन जमेच्या बाजू, तिसरी खर्चाची. वरच्या तळ्यातून येतं आणि खालच्यात जातं ते वेगळं.

आपल्याला वाटतं की वाफ उन्हाळ्यात होत असणार. इथे उलटं आहे. उन्हाळ्यात पाणी गार, हवा गरम आणि दमट, त्यामुळे फार उडत नाही. खरी वाफ होते ऑक्टोबर ते जानेवारी, पाणी अजून कोमट आणि वरून कॅनडाची कोरडी गार हवा. नोव्हेंबरात थंडीच्या सकाळी साउथ हेवनच्या धक्क्यावर उभे राहा, पाण्यातून चक्क वाफा निघताना दिसतात, चहाच्या पातेल्यावर दिसतात तशा. म्हणून दरवर्षी लेव्हल हिवाळ्यात सगळ्यात खाली आणि जून-जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात वर, मधला फरक साधारण फूटभर. हा फूटभर दरवर्षीचाच आहे, जुलैमध्ये बीच छोटा दिसला म्हणून लगेच 'पाणी चढतंय' असा मेसेज टाकू नका.

५. २०१३ ते २०२० मध्ये नक्की काय झालं?

जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनने तळ गाठला, ५७६.०२ फूट, मोजणीच्या इतिहासातली सगळ्यात खालची मासिक लेव्हल. जुलै २०२० मध्ये तेच तळं त्याच्यापेक्षा सहा फुटांहून जास्त वर होतं. साडेसात वर्षांत.

सहा फूट ऐकायला एवढं वाटत नाही, म्हणून मी एक हिशोब करून बघितला. मिशिगन-ह्युरॉनचं क्षेत्रफळ सुमारे १,१७,००० चौरस किलोमीटर. त्यावर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ तीन घन किलोमीटर, आपल्या भाषेत १०५ टीएमसी. म्हणजे कोयना धरण काठोकाठ भरलेलं. एका इंचाला एक कोयना! आणि इथे सत्तरच्या वर इंच चढले. याच्यापुढे 'पंप लावून उपसत का नाहीत' हा प्रश्न मला कोणी विचारू नये.

कारण? १९९७-९८ च्या एल निनोनंतर पाणी कोमट राहिलं, वाफ वाढली आणि जवळपास पंधरा वर्षं लेव्हल सरासरीच्या खाली होती. मग २०१३-१४ चा तो पोलर व्होर्टेक्सवाला, म्हणजे ध्रुवाकडची गार हवा खाली उतरलेला, हिवाळा आला, तळ्यांवर ९२ टक्क्यांपेक्षा जास्त बर्फ. लोक म्हणतात बर्फाचं झाकण बसलं म्हणून वाफ थांबली. हे अर्धंच खरं आहे, कारण बर्फ धरायच्या आधी पाणी गार होताना बरीच वाफ होऊन गेलेली असते. जास्त परिणाम पुढच्या वर्षी दिसला. जूनच्या सुरुवातीपर्यंत सुपीरियरवर बर्फाचे तुकडे तरंगत होते, पाणी सगळा उन्हाळा गार राहिलं आणि वाफेचा सीझनच आखडला. त्यात पाऊस वाढला आणि २०१७ ते २०१९ मध्ये तर धो धो झाला. मे २०१८ ते एप्रिल २०१९ हे अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठी तोवरच्या नोंदींमधले सगळ्यात ओले बारा महिने होते.

६. आपल्याकडे धरण भरलं की दरवाजे उघडतात, तसे इथे का उघडत नाहीत?

कारण बहुतेक ठिकाणी दरवाजेच नाहीत. पाचात फक्त दोन जागी पाणी अडवता-सोडता येतं. सू सेंट मरी इथे सुपीरियरच्या तोंडाशी, आणि कॉर्नवॉल-मॅसीनाजवळच्या मोझेस-सॉन्डर्स धरणावर ऑन्टारियोच्या तोंडाशी. मधलं मिशिगन-ह्युरॉन आणि इरी पूर्ण मोकळं, नदीतून जेवढं जाईल तेवढं जाईल. आणि जिथे गेट आहेत तिथेही मर्जीप्रमाणे चालत नाही, १९०९ च्या सीमा-जल करारातून निघालेलं इंटरनॅशनल जॉइंट कमिशन नियम ठरवतं, अर्धे अमेरिकन आणि अर्धे कॅनेडियन. सुपीरियर जास्त उघडलं की खालचे ओरडतात, कमी उघडलं की वरचे. पाऊस आभाळातून सगळ्यांवरच पडत असला की गेटवाल्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

७. पण लेक ऑन्टारियोचा पूर तर 'प्लॅन २०१४' मुळेच आला ना? सगळे तेच म्हणतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर आणि त्या बाजूच्या काठावर विचाराल तर दहातले आठ जण हेच सांगतील. प्लॅन २०१४ म्हणजे ऑन्टारियोचं पाणी किती सोडायचं याचे नवे नियम. नाव २०१४ असलं तरी ते लागू झाले जानेवारी २०१७ मध्ये, पाणथळ जागांसाठी लेव्हल थोडी नैसर्गिकपणे खाली-वर होऊ द्यायची असा विचार त्यात होता. आणि त्याच वसंतात पूर आला! लेव्हल ७५.८८ मीटर, टोरंटो आयलंड्स जुलै अखेरपर्यंत बंद. दोन वर्षांनी जून २०१९ मध्ये परत, ७५.९२ मीटर. न्यूयॉर्क राज्याने कमिशनवर केसच टाकली. आता सांगा, लोकांनी दुसरा निष्कर्ष काढायचा तरी कसा.

पण त्या दोन्ही वसंतांत खाली ओटावा नदीलाही प्रचंड पूर होता, ती सेंट लॉरेन्सला मिळते मॉन्ट्रियलजवळ, आणि मॉन्ट्रियलमधली घरं आधीच पाण्यात. वरून जास्त सोडलं असतं तर ती आणखी बुडाली असती. ओटावा उतरल्यावर २०१९ मध्ये सेकंदाला १०,४०० घनमीटर असा विक्रमी विसर्ग कित्येक आठवडे ठेवला, जहाजं अडचणीत आली तरी ठेवला. जुना प्लॅन असता तर काही सेंटीमीटरचा फरक पडला असता, पूर टळला नसता असं माझं मत. २०१९ च्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी होतं आणि सगळं खापर अलमट्टीवर फुटत होतं, ते आठवत असेल तर हा वाद कसा रंगतो ते वेगळं सांगायला नको. खालच्या राज्याचं धरण, वरच्या लोकांचा राग. इथे फक्त राज्याऐवजी देश आहेत.

८. १९८६ मध्येही पाणी एवढंच वर होतं. तेव्हा कुठे होता तुमचा क्लायमेट चेंज?

प्रश्न खोचक आहे पण वाईट नाही. हो, १९८६ मध्ये होतं, १९६४ मध्ये तळाला होतं, त्याआधीही असे चढ-उतार आहेत. नुसती लेव्हल वर आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि जे लोक २०२० चा एक फोटो टाकून 'बघा क्लायमेट चेंज' म्हणतात ते उगाच स्वतःची बाजू कच्ची करतात.

बघायचं ते लेव्हलच्या मागे. पाणी गरम होतंय, सुपीरियरचं तर खूपच वेगाने. बर्फाचं प्रमाण सत्तरच्या दशकापासून घटत आलंय, मध्ये २०१४ सारखी वर्षं येतात तरी. जोरदार पावसाचे दिवस वाढलेत. म्हणजे प्रश्न ४ मधला हिशोब घ्या, जमेची बाजूही फुगतेय आणि खर्चाचीही. दोन्हीकडून दोर जोरात ओढला जातोय आणि कधी हा जिंकतो, कधी तो. तळापासून माथ्यापर्यंत साडेसात वर्षांत पोचणं हे त्याचंच लक्षण असावं असं या तळ्यांवर काम करणारे बरेच संशोधक मानतात. १९६४ च्या तळापासून १९८६ च्या माथ्यापर्यंत जायला बावीस वर्षं लागली होती.

९. आधी हेच शास्त्रज्ञ म्हणत होते तळी आटणार. आता म्हणतात वाढणार. एक काय ते ठरवा!

हे मात्र खरं आहे, ऐंशीच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं बहुतेक अंदाज लेव्हल खाली जाणार असेच होते, काही तर बऱ्याच फुटांनी. तेव्हाच्या मॉडेलमध्ये जमिनीवरून किती पाणी उडेल हे जवळपास नुसत्या तापमानावरून काढायचे, त्यामुळे ते फार जास्त यायचं. २०११ च्या सुमाराला ही चूक नीट दाखवली गेली आणि हिशोब सुधारल्यावर ती मोठी घसरण गेली. नवीन अंदाजांमध्ये काही किंचित खाली म्हणतात, काही वर, आणि बहुतेकांत चढ-उताराचा पल्ला मोठा होतो.

कोणाला हा पळपुटेपणा वाटतो. मला वाटत नाही. चूक सापडली आणि सगळ्यांसमोर दुरुस्त केली, अजून काय पाहिजे. आणि गंमत म्हणजे त्या 'आटणार'च्या दिवसांत लोकांनीही ते मनावर घेतलंच होतं, २००८ चा ग्रेट लेक्स कॉम्पॅक्ट, म्हणजे खोऱ्याबाहेर पाणी न्यायला बंदी, त्याच भीतीतून आणि १९९८ मध्ये सुपीरियरचं पाणी जहाजाने आशियात विकायचा एक बेत निघाला होता त्यातून आला. ज्यांना 'जास्तीचं पाणी ॲरिझोनाला द्या' असं वाटतं त्यांनाही उत्तर हेच.

१०. मग सरळ सांगा, पुढे वाढणार का कमी होणार?

दोन्ही. ही टाळाटाळ नाहीये, सगळ्या पानात मला हेच एक सांगायचंय. वाढणार का कमी होणार या वादात लोक अडकतात आणि घर बांधताना एकच रेघ धरतात. २०१३ सारखी खालची वर्षंही येतील आणि २०२० सारखी वरचीही, आणि एकातून दुसऱ्यात जायला आधीपेक्षा कमी वेळ लागेल. २०२० नंतर पाणी उतरलंच ना, काही वर्षांत सरासरीवर आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला मिशिगन-ह्युरॉन सरासरीच्याही खाली होतं. ज्याने २०२० मध्ये लाखो डॉलर खर्चून बोटीचा धक्का उंच केला त्याची बोट आता तिथे लागताना कसरत होते.

११. लेव्हल सरासरी असताना एका रात्रीत पाणी तीन-चार फूट कसं चढलं?

वारा. प्रश्न ५ मधले आकडे म्हणजे सगळ्या तळ्याची महिन्याची सरासरी, तुमच्या दारातलं पाणी नाही. जोराचा वारा लांबून एका दिशेने वाहिला की पाणी एका टोकाला ढकललं जातं आणि वारा पडला की तबकात हिंदकळावं तसं परत येतं, याला सेश म्हणतात. लेक इरी उथळ आणि नैर्ऋत्य-ईशान्य असा लांबट, तिथे बफेलोला पाणी अंगणात आणि त्याच वेळी टोलेडोला तळ उघडा असं होतं, दोन टोकांत सात-आठ फुटांचा फरकही पडतो. लेक मिशिगनवर वादळाची रांग झपाट्याने गेली की त्सुनामीसारखी लाटही येते, जून १९५४ मध्ये शिकागोच्या धक्क्यावरचे मासे धरणारे लोक अशाच लाटेत गेले, आभाळ तेव्हा मोकळं झालं होतं.

१२. पाणी उतरलं. मग आमच्या मागची कडा अजून का ढासळतेय?

कारण कडा पाण्याच्या मागून चालते, पाण्याबरोबर नाही. वेस्ट मिशिगनच्या कडा म्हणजे वाळू आणि चिकणमातीचे थर. पाणी चढलं की लाटा पायथा खातात आणि कडा उभी होते, जवळजवळ भिंतीसारखी. पाणी उतरल्यावर पायथा सुरक्षित होतो पण वरचा भाग अजून उभाच असतो आणि तो आपल्या नैसर्गिक उतारावर येईपर्यंत पडत राहणार, कधी पाच वर्षं, कधी पंधरा.

जवळ जाऊन बघितलं तर कळतं. सॉगटकच्या बाजूला एका कडेवर मधोमध ओली पट्टी दिसते, हात लावला तर गार चिखल. वर वाळू, खाली चिकणमाती, पावसाचं पाणी वाळूतून झिरपून मातीवर अडतं आणि तिथून बाहेर पाझरतं, वरचा थर त्याच्यावरून घसरतो. त्याच्या वर बीचवर उतरायचा लाकडी जिना, खालच्या बारा-पंधरा पायऱ्या हवेत. आणि सगळ्यात वर? लॉनला पाणी घालणारे स्प्रिंकलर. लाटांना शिव्या देताना आपण वरून कडा भिजवतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. स्प्रिंकलर बंद करणं, छपराच्या पन्हळीचं पाणी कडेवरून न सोडता पाइपने खाली नेणं, काठावरची झाडं-गवत न कापणं, हे फुकटातले उपाय आहेत, आधी हे करा.

१३. सीवॉल घालू का? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आत्ता नाही घातली तर घर जाईल.

कॉन्ट्रॅक्टर आत्ताच म्हणणार, त्याचा तो धंदा आहे. घर खरंच काठावर असेल तर पायथ्याला मोठे दगड टाकणं, आपण पिचिंग म्हणतो ते, याला कधी कधी पर्याय नसतो. पण सरळ उभी भिंत लाटेचा जोर जिरवत नाही, परत फेकते. ती परतलेली लाट भिंतीसमोरची वाळू उकरते, बीच जातो, पाणी खोल होतं आणि पुढची लाट आणखी मोठी येऊन आदळते. भिंतीच्या दोन्ही टोकांना पाणी वळसा घालून मागे शिरतं. आणि जिथे तळाशी चिकणमाती आहे तिथे ती एकदा झिजली की परत भरत नाही, वाळू परत येऊ शकते, माती येत नाही. उतरते ओबडधोबड दगड त्यामानाने बरे, पण तेही कायमचे नाहीत.

परवानगी लागते, आणि तीही एकाच ठिकाणची पुरत नाही. मिशिगनमध्ये राज्याचं पर्यावरण खातं, ज्याला सगळे 'ईगल' म्हणतात, आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे अमेरिकन लष्कराचं इंजिनिअरिंग खातं. दोघांचा अर्ज एकच आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात तुमच्या भागातली कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी. रात्रीत ट्रक बोलावून तुटलेलं काँक्रीट टाकून दिलं तर नंतर स्वखर्चाने उचलायला लागू शकतं.

आणि जो पर्याय कोणाला आवडत नाही तो म्हणजे घर मागे सरकवणं. प्लॉट खोल असेल तर घर जॅकवर उचलून मागे नेतात, भिंतीचा आणि तिच्या पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च धरला तर ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. २०१९ च्या शेवटी मस्कीगनच्या उत्तरेला एक कॉटेज सरळ लेकमध्ये गेलं, ते फोटो आले तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना भिंत पाहिजे होती, मागे सरकायचं कोणालाच नव्हतं.

१४. शेजाऱ्याने भिंत घातली आणि आमची वाळू गेली. काही करता येतं का?

होऊ शकतं असं, भास नाही. वाळू काठाकाठाने प्रवास करत असते आणि तिचा पुरवठा याच ढासळणाऱ्या कडांमधून होतो. शेजाऱ्याची कडा बांधली की तुमच्याकडे येणारी वाळू थांबते. बंदरांचे लांब धक्केही हेच करतात, एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला बीच उपाशी, इंडियानात मिशिगन सिटीच्या पश्चिमेला हे वर्षानुवर्षं चाललंय. करायचं काय? त्याची परवानगी आहे का ते खात्याकडे विचारा, तारखेसकट फोटो ठेवा, आणि शक्य असेल तर पाच-सहा घरांनी मिळून एकत्र काम काढा. कोर्टात जाणं सोपं नाही, भिंतीमुळेच झालं हे सिद्ध करायला इंजिनिअर लागतो.

१५. होमओनर्स इन्शुरन्स आहे आमचा. किनारा खचला तर मिळतील ना पैसे?

बहुतेक नाही. साध्या घराच्या पॉलिसीत पूर आणि जमीन सरकणं दोन्ही वगळलेलं असतं. अमेरिकेत सरकारी फ्लड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाचा फोरकास्ट बघून फोन केला तर उपयोग नाही.

अडचणीची गोष्ट पुढे आहे. फ्लड पॉलिसीतही हळूहळू झालेली झीज धरत नाहीत. नेहमीच्या चक्रापेक्षा जास्त चढलेल्या पाण्याच्या लाटांनी किंवा प्रवाहाने काठ खचला आणि त्यातून पूर झाला, तरच तो 'पूर' म्हणून मोजतात. म्हणजे लाट येऊन एकदम नेलं तर कदाचित मिळेल, दर महिन्याला फूटभर गेलं आणि मग घर पडलं तर भांडत बसा. आणि अंगण, जिना, भिंत हे घर नाही, त्यांचे पैसे यात येत नाहीत. कॅनडात ओव्हरलँड फ्लडचं कव्हर वेगळं जोडून घ्यावं लागतं आणि किनाऱ्यावर ते मिळेलच असं नाही. पॉलिसी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

१६. लोक आमच्या घरापुढच्या बीचवरून चालत जातात. पाणी चढून बीचच उरला नाही तर त्यांचा हक्क कुठे गेला?

मिशिगनमध्ये सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलंय की नेहमीच्या उंच पाण्याची जी खूण काठावर दिसते तिच्या खालून कोणीही चालू शकतं, मालकी तुमची असली तरी. इंडियानात २०१८ मध्ये कोर्टाने त्याच्या पुढे जाऊन ती पट्टी राज्याच्याच मालकीची ठरवली. पाणी त्या खुणेपर्यंत आलं की कोरडी पट्टी उरत नाही, चालायचं तर पाण्यातून चालायचं. त्याच्या वर, तुमच्या गवतावरून जायचा हक्क त्यातून मिळत नाही. पण त्या पट्टीतून कोणी निवांत चाललं असेल तर त्याला हटकायचाही हक्क तुम्हाला नाही, आणि सकाळी फिरायला निघालेल्या माणसासाठी पोलीस बोलावणारे महाभाग आपल्यातही आहेत म्हणून लिहिलं. बाकी राज्यांत नियम वेगळे.

१७. आम्ही शिकागोत तेराव्या मजल्यावर राहतो, आम्हाला काय फरक पडतो?

पाणी तेराव्या मजल्यावर येणार नाही, पण बिल्डिंगचं पार्किंग, इलेक्ट्रिकचं सामान आणि पंप खालीच असतात. ११ जानेवारी २०२० च्या वादळात शिकागोचा काठ आणि मिलवॉकीचं बंदर दोन्हीकडे मोठं नुकसान झालं. त्या हिवाळ्यात बर्फ फारच कमी होता, जास्तीत जास्त २० टक्क्यांच्याही आत. एरवी जानेवारीत काठावर बर्फाची कड असते आणि लाटा तिच्यावर फुटतात, तेव्हा ती नव्हती. प्रश्न ८ मधला कमी बर्फ म्हणजे प्रत्यक्षात हे. रॉजर्स पार्कमधले दोन-तीन छोटे बीच त्या काळात अक्षरशः गायब होऊन तिथे दगड आले.

दुसरं, शिकागो नदी १९०० मध्ये उलटी वळवलीय, ती लेकमध्ये न जाता लेककडून बाहेर जाते. ढगफुटी झाली की गेट उघडून नदीचं पाणी लेकमध्ये सोडायची सोय आहे, पण लेकच वर असेल तर सोडणार कुठे, उलट लेक आत येईल. मग पाणी बेसमेंटमध्ये. आणि 'शिकागोतून जास्त पाणी बाहेर सोडा' म्हणणाऱ्यांसाठी: त्यावर सुप्रीम कोर्टाची १९६७ पासून मर्यादा आहे, सेकंदाला ३,२०० घनफूट, आणि आजवरच्या त्या सगळ्या सोडण्याने मिशिगन-ह्युरॉन जेमतेम अडीच इंच खाली आहे.

१८. पाणी चढणं सगळ्यांसाठी वाईटच का?

नाही. पाणथळ जागांना हा चढ-उतार लागतोच. पाणी खूप वर्षं खाली राहिलं की फ्रॅगमायटीस नावाचं परदेशी उंच गवत सगळं व्यापतं, वर आलं की झुडपं मरतात आणि माशांना अंडी घालायला जागा होते. जहाजवाल्यांनाही खोल पाणी आवडतं, माल जास्त भरता येतो. ओरडतो तो काठावर पक्कं बांधून बसलेला, म्हणजे आपण.

१९. कॉटेज घ्यायचंय. काय बघू?

एजंट तुम्हाला चांगल्या हवेत, खालच्या पाण्यात घर दाखवणार, समोर शंभर फूट वाळू. त्या वाळूला भुलू नका. याच जागेचे १९८६, २०१३ आणि २०२० चे फोटो मागा, हवाई फोटो बऱ्याच काउंट्यांकडे असतात आणि २०१३-२०२० तर गूगल अर्थवर मागे जाऊन घरबसल्या दिसतं. कडेच्या टोकापासून घर किती फूट ते स्वतः टेप लावून मोजा. त्या पट्ट्यात वर्षाला सरासरी किती किनारा जातो आणि मिशिगनमध्ये असाल तर प्लॉट 'हाय रिस्क इरोजन एरिया'मध्ये येतो का ते राज्याच्या खात्याकडे विचारा, तिथे नवीन बांधकाम काठापासून किती लांब पाहिजे हे ठरलेलं असतं आणि जुनं पडलं तर तिथेच परत बांधता येईल असं नाही. मागे सरकायला प्लॉटमध्ये जागा आहे का, सेप्टिक टँक कुठल्या बाजूला आहे (लेकच्या बाजूला असेल तर घराआधी तोच जातो). आधीच भिंत असेल तर तिची परवानगीची कागदपत्रं मागा. भिंत आहे म्हणून किंमत जास्त सांगतील, मी असतो तर भिंत आहे म्हणून कमी द्यायचा प्रयत्न केला असता.

२०. रोजची लेव्हल कुठे बघायची?

आर्मी कोअरचं डेट्रॉइट ऑफिस दर आठवड्याला लेव्हल आणि पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज देतं, कॅनडा सरकारचंही महिन्याचं पत्रक असतं. तासातासाचं पाणी नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र खात्याच्या, मीटरवर दिसतं, तुमच्या जवळच्या बंदराचा मीटर निवडा, दुसऱ्या टोकाचा नको. सहा महिन्यांच्या अंदाजात मधली रेघ बघून खूश होऊ नका, तिच्या वर-खाली जो पट्टा दाखवतात तो बघा. आणि उत्तरेचा वारा जोरात असेल तर मीटरपेक्षा आधी वाऱ्याचा फोरकास्ट, कारण प्रश्न ११.